बॅग आली नाही, सहीचा कागद मात्र आला

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५७. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या मुंबईहून दुबईला गेल्या. विमानात बसण्याची पहिलीच वेळ. लगेजला दिलेल्या दोन बॅगांपैकी एक आली, २३ किलोंची दुसरी आलीच नाही. जावयांनी विमानतळावरच तक्रार नोंदवली. त्याला आता २६ दिवस झाले. बॅगेत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, उडदाचे पापड, बिबडे, जळगावच्या फुले मार्केटमधून घेतलेल्या दोन साड्या, बाळाची झबली-टोपडी आणि ताईंच्या आईच्या लुगड्यांची गोधडी होती. परवा विमान कंपनीचा मेल आला: ८,०५० रुपये देतो, 'पूर्ण व अंतिम' अशा कागदावर सही करून सात दिवसांत पाठवा. जावई म्हणतात, सही करून मोकळ्या व्हा. पुतण्या म्हणतो, काउंटरवर तुम्हीच एका कागदावर सही केली होती, आता काही होणार नाही. यजमानांना कोर्टकचेरी नको आहे. मोठ्या जाऊबाईंनी फोनवर समजूत घातली, "जाऊ दे माय, आते कसाले रडस?" आणि एक गोष्ट ताईंनी कोणालाच सांगितलेली नाही. बाळासाठी केलेली चार ग्रॅमची सोन्याची साखळी पर्समध्येच ठेव, असं यजमानांनी बजावलं होतं. रेल्वेच्या गर्दीत पर्स ओढली जाईल या धास्तीने ताईंनी ती गोधडीच्या घडीत ठेवली आणि मुंबईला काढायची राहून गेली. "चूक माझीच आहे, मग मागायचं तरी कोणत्या तोंडाने? सही करू का? आणि यादीत साखळी लिहू का?" असं त्या विचारतात.

ताई, आजी झाल्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. लेक आणि नात दोघी बऱ्या आहेत, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात लिहिलंय. बाकी सगळं पत्र बॅगेचं आहे. बाळ झोपल्यावर रात्री तुम्ही हेच उगाळत बसत असाल, हे त्यावरून कळतं. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून: सही करू नका. या रकमेवर आणि या शब्दांवर तर नाहीच.

कारणांची सुरुवात त्या आकड्यापासून करू. तुमचं पत्र वाचताना मी वहीच्या कडेला ८,०५० ला २३ ने भागून पाहिलं. बरोबर ३५० आले, बाकी शून्य. म्हणजे बॅगेत काय होतं याचा विचार कोणी केलेलाच नाही. वजन घेतलं, किलोला ३५० लावले, झाला हिशेब. हा ३५० चा दर कुठून येतो, तर केंद्र सरकारच्या जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेत देशांतर्गत विमानाने पाठवलेल्या मालासाठी किलोमागे ३५० रुपये अशी भरपाईची मर्यादा आहे. जळगावच्या एखाद्या व्यापाऱ्याने मुंबईहून दिल्लीला विमानाने खोकी पाठवली आणि ती हरवली, तर तो दर लागू. त्याच अधिसूचनेत देशातल्या देशात फिरणाऱ्या प्रवाशाच्या सामानासाठी वेगळी मर्यादा आहे, प्रवाशामागे २०,००० रुपये. आणि तुमचा प्रवास तर देशाबाहेरचा. त्याला यातलं काहीच लागू होत नाही.

तुमच्या प्रवासाला लागू होतो तो १९९९ सालचा माँट्रियल करार. भारत त्यात २००९ मध्ये आला, आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमाला तो तिसरी अनुसूची म्हणून जोडलेला आहे. अमिरातही त्या करारात आहे. त्यानुसार सामान हरवलं, फुटलं किंवा उशिरा आलं तर प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत भरपाई मागता येते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. रुपयांतला त्याचा भाव रोज थोडा हलतो, पण १,५१९ एसडीआर म्हणजे आजच्या घडीला दीड लाखाच्या बरंच वर. हा आकडा २८ डिसेंबर २०२४ पासूनचा आहे. त्याआधी तो १,२८८ होता, आणि आपल्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये काढलेल्या प्रवासी सनदेत त्याच्याही आधीचा १,१३१ हा आकडा छापलेला आहे. कंपनीच्या माणसाने ती सनद दाखवली तर गोंधळून जाऊ नका, करारातला आकडा सांगा.

तेवढे पैसे मिळतीलच, असं मी म्हणत नाही. ही वरची हद्द आहे. तिच्या आत, तुमचं खरोखर जेवढं नुकसान झालं आणि जेवढं तुम्ही दाखवू शकाल, तेवढं मागायचं. पण २३ गुणिले ३५० हे तुमच्या नुकसानीचं उत्तर नाही, एवढं नक्की.

आता "चूक माझीच" या वाक्याकडे येते, कारण पत्रभर तेच वाक्य वेगवेगळे कपडे घालून आलंय. बॅग जुनी होती, वरून दोरी बांधली होती, इंग्रजी येत नाही म्हणून काउंटरवर काही विचारलं नाही, रांग मोठी होती म्हणून घाई केली. ताई, यातल्या एकाही गोष्टीमुळे बॅग हरवत नाही. तुम्ही ती पट्ट्यावर ठेवलीत, त्यांनी वजन केलं, कागदी पट्टी लावली आणि तिचा छोटा तुकडा तुमच्या बोर्डिंग पासवर चिकटवला. त्या क्षणापासून बॅग त्यांच्या ताब्यात. करार इथे प्रवाशाकडून कंपनीची चूक सिद्ध करून मागत नाही. सामान त्यांच्या ताब्यात असताना हरवलं, एवढंच पुरेसं आहे. बॅगेतल्या वस्तूच्या अंगच्याच दोषाने नुकसान झालं असेल, म्हणजे लोणचं नासलं किंवा मुळात तडा गेलेली बरणी फुटली, तर त्यांना सवलत मिळते. पण अख्खी बॅगच नाहीशी झाली, त्याला लोणचं काय करणार?

पुतण्याने सांगितलेली काउंटरवरची सही हीसुद्धा बहुधा त्या दोरीचीच. बॅग दोरीने बांधलेली असेल, फाटलेली असेल, नाजूक वस्तू असेल तर एक छोटी चिठ्ठी लावून सही घेतात. त्या चिठ्ठीवर कारणं छापलेली असतात आणि लागू असेल त्यापुढे खूण करतात. ती सही त्या खुणेपुरती असते: बॅग उसवली किंवा आतलं फुटलं तर. बॅग गायब झाली तरी आम्ही जबाबदार नाही, असं त्या चिठ्ठीने ठरत नाही, आणि कोणी तसं छापलंच तरी करारातल्या हद्दीपेक्षा कमी देण्याची अट कराराप्रमाणेच रद्द ठरते. पुतण्याला हे जरूर वाचून दाखवा. तो तुमच्या काळजीपोटीच बोलतोय, पण एका सहीला घाबरून दुसरी सही करायला सांगतोय.

आणि आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. जावयांनी विमानतळावर भरलेल्या फॉर्मची प्रत तुम्ही पत्राबरोबर पाठवलीत. तिच्यात 'बॅगेत काय आहे' या रकान्यात दोन शब्द आहेत: कपडे, खाद्यपदार्थ. जावयांना दोष देत नाही. रात्रीचे अडीच वाजले होते, घरी दिवस भरलेली बायको, समोर रडवेली सासू. पण ताई, ते दोन शब्द जगातल्या निम्म्या बॅगांना लागू पडतील.

बॅगा हरवतात कशा, हे थोडं समजून घ्या. बऱ्याच वेळा बॅग कोणी चोरलेली नसते. पट्टी निघून पडते, आणि मग ती कोणाची, कुठे जायची, हे सांगणारं काही उरत नाही. अशी बिनपट्टीची बॅग कुठल्यातरी विमानतळावरच्या खोलीत जाते. तिथली माणसं ती उघडतात, आत काय दिसतं ते संगणकावर लिहितात, आणि दुसरीकडे प्रवाशांनी दिलेल्या वर्णनाशी ताडून बघतात. तिकडे कोणीतरी लिहिलं असेल 'हाताने शिवलेलं जाड पांघरूण, लाल-हिरवे तुकडे', आणि तुमच्या फॉर्मवर 'कपडे'. ताळा बसणार कसा?

तुम्ही मला त्या गोधडीबद्दल लिहिलंय तेवढंच त्यांना लिहा. आईच्या दोन नऊवारी लुगड्यांची, वरच्या बाजूला डाळिंबी रंग, काठ हिरवा, एका कोपऱ्यात वडिलांच्या धोतराचा पांढरा चौकोन, आणि धावदोरा बाहेरून आत फिरत गेलेला, मध्यावर पोचला तेव्हा आईचे डोळे गेले म्हणून शेवटच्या चार ओळी तुम्ही घातलेल्या, त्या थोड्या वाकड्या. असं पांघरूण जगात एकच आहे. वर्णन मराठीत लिहून काढा, लेकीला इंग्रजी करायला सांगा, फोनमध्ये लेकीच्या डोहाळजेवणाचे फोटो असतील तर त्यांत कुठे गोधडी दिसते का बघा. सोबत: बिबड्यांचा स्टीलचा गोल डबा, झाकणावर नाव कोरलेलं. लाडवांचा प्लास्टिकचा डबा, कोणत्या रंगाचा. बॅगेची दोरी कसली, सुतळी की नायलॉन, आणि गाठ कुठे. हे सगळं तक्रारीच्या क्रमांकासह मेलने पाठवा आणि शोधाच्या नोंदीत भरायला सांगा. सव्वीस दिवस झाले म्हणून शोध संपला, असं धरू नका. एकवीस दिवसांनंतर बॅग हरवली असं मानून तुम्हाला भरपाई मागता येते. पण म्हणून तिचा शोध बंद करावा, असं कोणी कुठे लिहिलेलं नाही.

त्याच मेलमध्ये एक प्रश्न विचारा: पट्टीचा क्रमांक अमुक, ही बॅग शेवटची कुठे स्कॅन झाली? विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे आयाटाचा, जून २०१८ पासून नियम आहे की बॅग प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना आणि प्रवाशाला परत देताना तिची नोंद ठेवायची. मुंबईला विमानात चढल्याची नोंदच नसेल तर शोध मुंबईत करायचा, दुबईत नाही. तुमचे २६ दिवस चुकीच्या शहरात शोधण्यात गेले असण्याची शक्यता आहे, म्हणून हा प्रश्न आजच विचारा.

दुसरी यादी भरपाईची, आणि ती वेगळी करा. इथे प्रत्येक वस्तू, कधी घेतली, किती रुपयांना, आणि पुरावा काय. बिलं नाहीत म्हणून काहीच मागता येणार नाही, हा समज सोडा. फुले मार्केटमधल्या साड्यांचे पैसे लेकाने फोनवरून दिले असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बँकेच्या खात्यात तारीख आणि रक्कम आहे. दुकानदार ओळखीचा असेल तर बिलाची दुसरी प्रत देतो. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गूळ, तूप यांचा भाव कोणालाही काढता येतो. (खसखस काढून ठेवलीत हे फार बरं केलंत. अमिरातीत तिला बंदी आहे, आणि तिकडे बाळंतपणाला जाणाऱ्या आयांना हे कोणी सांगत नाही.) रिकाम्या बॅगेचीही किंमत लावा. आणि बॅग नाही म्हणून दुबईत जे घ्यावं लागलं, तुमचे दोन गाउन, औषधं, बाळाचे कपडे, त्याच्या पावत्या लेकीच्या घरातल्या पिशव्यांतून शोधून काढा. तो खर्चही याच नुकसानीत येतो.

गोधडीपुढे कोणता आकडा लिहावा, ते मलाही सहज सांगता येत नाही. कायदा आईचा हात मोजत नाही. आज तशी गोधडी शिवून घ्यायची तर कापड आणि मजुरी किती, तेवढंच लिहिता येईल. ते लिहिताना हात थरथरेल. तरी लिहा, कारण तो रकाना रिकामा ठेवलात तर ती गोधडी त्यांच्या कागदावर नव्हतीच असं होईल.

साखळी. हो, लिहा. शोधाच्या वर्णनात मात्र लिहू नका. ते वर्णन किती हातांखालून जाईल सांगता येत नाही आणि सोन्याचा उल्लेख तिथे नकोच. भरपाईच्या यादीत लिहा: सोन्याची साखळी, चार ग्रॅम, कोणत्या सराफाकडे केली, मोड घालून केली असेल तर तसं. सराफाच्या वहीत नोंद असते, ती मागून घ्या. पैसे मिळतील, अशी आशा मात्र यावर ठेवू नका. सोनं, रोकड, महत्त्वाची कागदपत्रं लगेजच्या बॅगेत ठेवू नयेत, अशी अट जवळपास प्रत्येक विमान कंपनीच्या नियमांत असते, आणि कंपनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवील. ठेवू दे. त्या एका ओळीमुळे बाकीची यादी खोटी ठरत नाही. उलट साखळी लपवलीत आणि उद्या बॅग सापडली, साखळी मात्र गायब, तर "होती" हे तुम्ही कोणाला सांगणार? आणि वाढवूनही लिहू नका. चारचे सहा ग्रॅम करा म्हणणारं कोणीतरी भेटेल. यादीत एक जरी वस्तू फुगलेली निघाली तर गोधडीवरचाही विश्वास जातो.

राहिले यजमान. ताई, यादी कागदावर उतरली की ती त्यांच्या डोळ्यांसमोर येणारच. पुढे ग्राहक आयोगापर्यंत जायचं ठरलं तर अर्जावर येईल. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्ही सांगा. तुम्ही स्वतःला निष्काळजी म्हणताय, पण पत्रात जे घडलंय ते तसं नाही: तुम्ही साखळी इतकी जपत होतात की पर्सवरही विश्वास ठेवला नाही आणि घरातली सगळ्यात मोलाची घडी शोधून तिच्यात ठेवलीत. त्यांना हे असंच सांगा. ते चिडतील कदाचित. खान्देशातल्या बहुतेक घरांत सोनं गेलं की आधी आवाज चढतो. पण त्यांच्या आवाजाच्या भीतीने आठ हजारांवर सही करणं म्हणजे एका रुसव्याची फार मोठी किंमत मोजणं आहे. मला तर वाटतं, तुम्हाला सही करून टाकाविशी वाटतेय त्याचं अर्धं कारण हेच आहे: सही झाली की विषय संपेल आणि साखळीचं नाव निघणार नाही. मी चुकत असेन तर सोडून द्या.

पुढे काय काय करता येतं ते सांगते. सात दिवसांची मुदत कंपनीने घातलीय, कायद्याने नाही. कायद्याची मुदत दोन वर्षांची आहे, विमान पोचलं त्या तारखेपासून. तेव्हा घाबरून न जाता उत्तर लिहा: देऊ केलेली रक्कम मान्य नाही, ती कोणत्या नियमाने काढली ते कळवा, हा प्रवास आंतरराष्ट्रीय असून माँट्रियल करार लागू आहे, माझ्या नुकसानीची यादी सोबत जोडली आहे. चार ओळी पुरतात. पैशांची फार निकड असेल तर ८,०५० घेताही येतील, पण कागदावरचं 'पूर्ण व अंतिम' काढायला सांगून आणि 'उरलेल्या रकमेचा हक्क राखून' असं स्वतः लिहून. ते कबूल नसेल तर पैसे राहू द्या.

पंधरा दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघायला नेमलेल्या माणसाला, लिहा, आणि त्याच्यावरच्या अपील अधिकाऱ्याला. ही नावं कंपनीने आपल्या संकेतस्थळावर द्यायची असतात. मंत्रालयाचं एअरसेवा नावाचं ॲप आहे, तिथे तक्रार टाकली की ती कंपनीकडे सरकारमार्फत जाते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. माझं मत विचाराल तर बरीच प्रकरणं इथवर आल्यावर हलतात, कारण समोरच्या माणसाकडे यादी आणि नियम दोन्ही आहेत हे कंपनीला तोवर कळलेलं असतं.

नाही हललं, तर यजमानांना ज्याची धास्ती आहे ती कोर्टकचेरी. पण ती तशी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुंबईला खेटे घालायला नकोत. जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकील सक्तीचा नाही. तिकिटासारख्या, पाच लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या सेवेच्या तक्रारीला फी नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, लेक दुबईहून भरून देईल. आणि तुमचं येण्या-जाण्याचं तिकीट एकच आहे, म्हणजे करारानुसारही तुमच्या प्रवासाचं शेवटचं ठिकाण मुंबईच. दावा भारतात चालवायला त्याचाही आधार मिळतो.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तारखेला जावं लागेल, कागद जपून ठेवावे लागतील. म्हणून मध्येच कंपनीने शहाणपणाची रक्कम लेखी देऊ केली तर हट्टाने नाकारू नका. करारात एक बारीक कलम आहे: घटनेपासून सहा महिन्यांच्या आत, किंवा दावा त्यानंतर लावला तर तो लावण्याआधी, कंपनीने लेखी देऊ केलेली रक्कम पुढे निकालात मिळालेल्या भरपाईएवढी किंवा तिच्याहून जास्त निघाली, तर दाव्याचा खर्च मागता येत नाही. तुमची खरी यादी, समजा, साठ हजारांची होत असेल आणि कंपनी पन्नासवर आली, तर मी तुम्हाला घ्या म्हणेन. त्यांनी पंधरा म्हटलं तर जळगावचा रस्ता धरा म्हणेन.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-चार गोष्टी, कारण २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून उडान योजनेतलं पहिलं विमान मुंबईला गेलं तेव्हापासून आपल्याकडची पत्रं वाढलीत. देशातल्या प्रवासात हद्द २०,००० रुपयांची आहे, हे लक्षात ठेवून बॅग भरा. जास्त किमतीचं सामान देणं भागच असेल तर काउंटरवर किंमत जाहीर करायची आणि जादा आकार भरायचा, अशी सोय कायद्यात आहे. हद्द मग जाहीर किमतीपर्यंत वाढते. छोट्या विमानांत हातातली बॅगही शिडीपाशी काढून घेतात, कारण वर जागा नसते. ती देण्याआधी औषधं, दागिने आणि चार्जर काढून घ्या. लाजू नका, मागचे थांबतील. चाक तुटलं, चेन फाटली तर पट्ट्यावरून बॅग उचलल्या उचलल्या तिथल्या खिडकीवर लेखी तक्रार करा. घरी आल्यावर लक्षात आलं तरी सात दिवसांच्या आत लेखी कळवलंच पाहिजे. त्यानंतर बॅग धड मिळाली असं धरलं जातं. उशिरा आलेल्या बॅगेसाठी ही मुदत बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांची आहे. फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. दोन कंपन्यांच्या विमानांचा एकच तिकिटाचा प्रवास असेल आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवत असतील, तर पहिल्या कंपनीकडेही मागता येतं आणि शेवटच्या कंपनीकडेही. आणि निघण्याआधी बॅग उघडी ठेवून एक फोटो, बंद करून एक फोटो. बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत फाडू नका.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. लेकीला आज बाळ झोपलं की शेजारी बसवा आणि गोधडीचं वर्णन लिहून घ्या. तिलाही त्या वाकड्या चार ओळींची गोष्ट बहुधा माहीत नसेल. आणि बॅग आली, म्हणजे एखाद्या दिवशी कंपनीचा माणूस बेल वाजवून दारात ती घेऊन उभा राहिला, तर त्याच्या पावतीवर लगेच सही करू नका. त्याला थांबवा. घरात वजनकाटा असेल तर वजन करा, दोरीची गाठ तुमचीच आहे का बघा, फोटो काढा, मग बॅग उघडा. डबे नंतर मोजा. गोधडीची घडी मात्र तो माणूस दारात उभा असतानाच उलगडा.